कांशातलं विरजण

माझे थोरले दीर माझ्याशी वर्षानुवर्षं बोलले नाहीत. भांडण होतं म्हणून नव्हे, भांडण पुढं झालं. आमच्याकडं रीतच तशी. धाकट्या भावाच्या बायकोशी थोरल्यानं तोंडातोंडी बोलायचं नाही, तिनंही डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायचं. काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायचं. "चहा झाला का म्हणावं," असं ते तुळशीकडं बघून म्हणायचे, आणि मी सासूबाईंना म्हणायचे, "आत्याबाई, झालाय म्हणावं." दोघंही एकाच अंगणात, मध्ये एक खाट. नवी नवरी होते तेव्हा मला याचं हसू यायचं. पुढं ते हसू आटलं.

मी पुसेगावकडची. हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि वारंगा फाट्यावरच्या ओताऱ्यांच्या घरात येऊन पडले. ओतारी म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे. रस्त्याला लागून पत्र्याची शेड, मागं घर, समोरून सदानकदा ट्रक. आमच्याकडं बैलांच्या घंटा, घुंगरं आणि देव्हाऱ्यातल्या लहान घंटा व्हायच्या. पोळ्याच्या आधी आसपासच्या तांड्यांवरची माणसं यायची, एकेक घंटा कानाशी धरून वाजवायची, आणि आवाज मनासारखा नसला तर तोंडावर सांगायची. औंढ्याच्या देवळाजवळच्या दुकानांना वर्षभर माल जायचा. भट्टी थोरल्या दिरांची. माझा नवरा माती मळायचा, साचे करायचा आणि भावाच्या शब्दाबाहेर जायचा नाही. नवरा माझा फार सज्जन आहे. त्या सज्जनपणाचा मला काय उपयोग झाला, ते अजून कळायचंय.

या घरात आणखी एक रीत होती. कांसं, म्हणजे तांबं आणि कथील, भट्टीत वितळलं की त्यात मागच्या ओतकामातला एक तुकडा टाकायचा. त्याला विरजण म्हणायचे. नव्या मालातला एक तुकडा पुन्हा काढून देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवायचा, तो पुढच्या खेपेला. पणज्याच्या हातच्या घंटेचा कण त्यात अजून आहे, असं थोरले दीर अभिमानानं सांगायचे. विरजण टाकताना डोळे मिटून हात जोडायचे. खोटं कशाला बोलू, मला ती रीत आवडायची. घंटेला काय, तिला आवाजाशी मतलब. पण इतक्या पिढ्यांत त्या विरजणात काय काय मुरलं असेल! कधी कुणाची मोडकी पितळी समई वितळवली असेल, कधी डाग देऊन सांधलेली भांडी. पितळेत जस्त असतं आणि डागात शिसं. ते सगळं थोडं थोडं पुढच्या घाण्यात जात राहिलं होतं.

एके दिवशी एक सर आले. एका मोठ्या संशोधन संस्थेत धातूंवर काम करायचे. औंढ्याचं दर्शन करून परतताना चहाला फाट्यावर थांबले, आमची एक घंटा वाजवून बघितली आणि भट्टी बघायला शेडमध्ये शिरले. त्यांनाही कांसं हवं होतं, पण घंटेसाठी नाही, तारेसाठी. अशी तार, की ती भयंकर थंड केली की तिच्यातून वीज कुठंही न अडखळता वाहते. अतिवाहक म्हणतात तिला. फार ताकदीचे चुंबक त्या तारेचे करतात. मोठे कारखाने एवढ्याशा कामाला हात लावत नव्हते, म्हणून सर लहान ओतणाऱ्याच्या शोधात होते.

मी चहा घेऊन गेले आणि ट्रे ठेवून दाराआड उभी राहिले. सर सांगत होते, "कांशाची जाड कांब घ्यायची. तिला आरपार भोकं पाडून नायोबियम नावाच्या धातूच्या काड्या आत बसवायच्या, आणि सगळं मिळून ओढत ओढत बारीक तार काढायची. मग ती तापवत ठेवायची. कांशातलं कथील हळूहळू नायोबियममध्ये मुरतं, आणि तिथं जे तयार होतं ते अतिवाहक." म्हणजे कांशानं कथील द्यायचं आणि आपण नुसतं साल होऊन बाहेर राहायचं. मला लगेच पटलं. या घरात आल्यापासून मी दुसरं काय करत होते?

त्यांच्या अटी दोनच. कांबीत वरपासून खालपर्यंत कथील सारखं हवं, आणि तांबं-कथलाशिवाय आत काही नको. शिसं आणि जस्त तर मुळीच नको. थोरल्या दिरांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "कांसंच तर हाय, सर. आमी काय आज करून राहिलो का?"

पहिल्या कांबी केल्या आणि सगळ्या परत आल्या. दुसऱ्या खेपेच्याही आल्या. दीर म्हणायचे, त्यांचं मशीनच खोटं सांगतं. पुढच्या वेळी सर आले तेव्हा मी दाराआडूनच विचारलं, "सर, कथील कुठं जास्त भरलं, बाहेरच्या अंगाला का?" सर चमकले. म्हणाले, "हो, अगदी सालीला." मग मला कोडं सुटलं. मातीच्या साच्यात कांसं निवांत गार होतं, आणि घाम फुटावा तसं कथील बाहेर येऊन बसतं. त्याला निवांतपणा द्यायचाच नाही. लोखंडी साचा, बाहेरून पाणी, ओतल्याबरोबर गार. हे मी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं भावाला सांगितलं, आणि भाऊ भिंतीला म्हणाला, "बायकांनी पुस्तकं वाचली की असंच व्हतं."

पण देव असतो. थोरले दीर सासुरवाडीच्या लग्नाला सेनगावकडं गेले, चांगले हळदीपासून. मी नवऱ्याच्या मागं लागले. बिचाऱ्यानं दोनदा रस्त्याकडं बघून घेतलं, पण भट्टी पेटवली. मी नवी कोरी मूस घेतली, जिच्यात आधी काही वितळलं नव्हतं. तांबं नवं, घासून धुऊन उन्हात वाळवलेलं. वर कोळशाचा थर, म्हणजे हवा लागायला नको. ढवळायला लोखंडाची सळई नाही, ग्राफाइटची. साचा मात्र लोखंडी, बाहेरून पाणी सोडलेला. तांब्याच्या कडेनं हिरवी ज्योत नाचायला लागली की कथील सगळ्यात शेवटी, खाली दाबून. नवरा सवयीनं देव्हाऱ्याकडं वळला, विरजण आणायला. मी त्याचा हात धरला. "आई रागवंल," तो म्हणाला. "रागवू द्या," मी म्हणाले. आत्याबाई दारातच उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून आत गेल्या.

ती कांब पास झाली.

निरोप थोरल्या दिरांच्या फोनवर आला, कारण नंबर त्यांचा दिला होता. झालं! आयत्या बिळावर नागोबा. फाट्यावर पेढे वाटले, फटाके उडवले. ग्रामपंचायतीसमोर सत्कार झाला, शाल, श्रीफळ, फेटा. माझी कांब हातात धरून त्यांनी फोटो काढला. मी बायकांत मागं बसले होते. भाषणात म्हणाले, "आमच्या रगतातच कांसं हाय. सायेबाला म्हनलं, तुमी फकस्त बघत ऱ्हा." टाळ्या पडल्या. मग म्हणाले, "घरच्या बायांनीबी चहापाण्याची लई तकलीफ घेतली." तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या बाईनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "बघ की, तुमचंबी नाव घेतलं."

दुसऱ्या दिवशी अंगणात मी धुणं वाळत घालत होते. दीर तुळशीला म्हणाले, "आता मोठं काम येऊन राहिलं. भट्टीकडं कुणी बायामाणसांनी फिरकू नये म्हणावं. सावली पडली की धातू नासतो." आत्याबाई माझ्यापाशी आल्या आणि शब्दन् शब्द मला पुन्हा सांगितला, जशी काही मी बहिरी होते. नवरा चपला घालून फाट्यावर निघून गेला.

त्या दिवशी मी ठरवलं. मला फेटा नको, शाल नको, फोटोही नको. पण कांब हिनं केली, हे याच माणसाच्या तोंडून चारचौघांत वदवून घेईन. आणि भट्टी घेईन. नाही घेतली तर बापाचं नाव लावणार नाही. हे मी कुणाला बोलले नाही. वरण ढवळत होते आणि ढवळत राहिले.

एक मात्र केलं. उद्या कुणी म्हणायला नको, हिला माहीत होतं आणि हिनं सांगितलं नाही. नवऱ्यामार्फत निरोप पाठवला, या कांशात विरजण टाकू नका म्हणावं, पास झालेल्या कांबीत नव्हतं. उत्तर आलं, तेही भिंतीमार्फत. "बापजाद्याचं विरजण ज्याच्यात न्हाई तो धातू बेवारस. ती कांब पास झाली ती माझ्या नशिबानं." माझं कर्तव्य संपलं. आता पुढं त्याचं नशीब आणि तो.

मोठ्या कांबी ओतायचा दिवस आला. भट्टीला हार, नारळ, हळदीकुंकू. चहाच्या टपरीवरची सगळी रिकामटेकडी मंडळी जमलेली. मी स्वयंपाकघरात खिडकीशी ठेचा कुटत होते. खिडकीतून भट्टी दिसते. लोखंडी साचा त्यांनी मुकाट्यानं घेतला होता, पाणीही सोडलं होतं, म्हणजे तेवढं बायकांच्या पुस्तकातलं चाललं! तांबं वितळलं, कथील गेलं. मग दीर देव्हाऱ्यापाशी आले, डबा उचलला, भट्टीपाशी जाऊन डोळे मिटले आणि विरजण टाकलं.

मुशीतून पांढरा धूर उठला. जस्त जळतं त्याचा धूर असा पांढरा असतो. बघणाऱ्यांना तो शुभ वाटला, एकानं तर हात जोडले. मला दिसलं की पितळ आत गेलं, आणि पितळेबरोबर शिसंही गेलं असणार. मूस अजून ओतली नव्हती. मी खिडकीतून ओरडले असते तर तो घाणा बाजूला ठेवता आला असता, घंटांना कामी आला असता. मी नाही ओरडले. ठेचा आणखी बारीक कुटला. सगळे जेवायला बसले तेव्हा म्हणाले, आजचा ठेचा फक्कड झालाय.

सर आले ते तारेचे तुकडे घेऊन आले. फाट्यावर गाडी थांबली तशी टपरीवरची माणसंही मागोमाग आली, बक्षीस मिळतंय की काय बघायला. सरांनी तुकडे खाटेवर टाकले. "ओढता ओढता जागोजागी तुटली. आत शिसं आहे. शिसं तांब्यात विरघळत नाही, सुईच्या टोकाएवढे गोळे होऊन बसतं, आणि ताण आला की तार तिथंच जाते. नायोबियमसकट सगळं वाया गेलं. आधीची कांब इतकी स्वच्छ होती, मग हे काय?" दीर म्हणाले, हवामान. म्हणाले, लाइट गेली होती. मग म्हणाले, तांबंच खोटं आलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

सर म्हणाले, "मी शेवटचं विचारतो, नाहीतर काम दुसरीकडं देतो. पास झालेली कांब कुणी ओतली होती?"

नवरा स्वतःच्या पायांकडं बघत होता. सरांनी मान वळवून दाराकडं, माझ्याकडं बघितलं. मला बोलता आलं असतं. पण मी बोलले असते तर ते माझं बोलणं झालं असतं, आणि मला त्यांचं हवं होतं. मी पदर सावरला आणि मोठ्यानं म्हणाले, "आत्याबाई, कुणी ओतली ते त्यांनाच सांगू द्या म्हणावं."

आत्याबाईंनी लेकाकडं बघितलं. लेकानं तुळशीकडं बघितलं. ती काय सांगणार?

"लहानीनं," ते पुटपुटले.

"कुणी?" सरांना खरंच ऐकू आलं नव्हतं. देव त्यांचं भलं करो.

"धाकल्या सुनेनं केली!" दीर ओरडले. "म्या न्हाई. म्या लग्नाला गेल्तो."

टपरीवरचा एक जण फिस्सकन हसला. काय सांगू, माझा जीव गार झाला. सूड घेऊन समाधान मिळत नाही म्हणतात. ज्यांना कधी घ्यायला जमला नाही, ते म्हणत असतील. मला त्या रात्री अशी झोप लागली, की सकाळी आत्याबाईंना मला हाक मारून उठवावं लागलं.

पुढची कांब सरांनी माझ्याकडूनच मागितली, मी ती ओतली, आणि ती पास झाली. शेडचा रस्त्याकडचा भाग माझा झाला, तिथली भट्टी वेगळी, मुशी वेगळ्या. घंटांची जुनी भट्टी दिरांकडंच ठेवली. तिच्यात विरजण टाका, नाहीतर अख्खं देऊळ टाका, मला देणंघेणं नव्हतं. पोळ्याचा हंगाम सोडला तर त्यांना फारसं काम नसायचं. ते ओट्यावर बसून राहायचे.

आणि तिथं मी माझी खरी वसुली चालू केली. कुणीही आलं, पाहुणा असो, शेजारपाजारचा असो, संस्थेचा असो, आणि म्हणालं, "बाई, हे काम कुणाचं?", की मी म्हणायचे, "ओट्यावर थोरले बसलेत, त्यांना विचारा." माणूस ओट्याकडं जायचा. दीर पान जुळवत म्हणायचे, "धाकल्या सुनेचं हाय." मी आतून कान देऊन ऐकायचे. आवाज बारीक निघाला तर मी मुद्दाम त्या माणसाला म्हणायचे, "ऐकू आलं का बराबर?" आत्याबाई एकदा म्हणाल्या, "बास कर गं बाई. थोरला हाय त्यो. किती दिवस वदवून घेशील?" मी म्हटलं, "मला कंटाळा येईपर्यंत." तो आला नाही.

गेल्या हिवाळ्यात हिंगोलीच्या कॉलेजातल्या मुली बघायला आल्या. माझ्याच कॉलेजातल्या, वह्या-पेनं घेऊन, हसत-खिदळत. मी नुकतीच कांब ओतली होती, साच्यावर पाणी चालू होतं, हलता येत नव्हतं. नेहमीप्रमाणं सांगितलं, "पोरींनो, आधी ओट्यावर विचारून या, काम कुणाचं ते." गेल्या. मी कान दिला.

"धाकल्या सुनेचं हाय," दीर म्हणाले. आवाज चांगला खणखणीत. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "पण शिकवलं म्या. हात धरधरून शिकवलं. काय येत नव्हतं तिला. आज जे काय करून राहिली ते आपल्या हातचं हाय." पोरी भराभर लिहून घेऊ लागल्या.

लिहून घेऊ लागल्या! म्हणजे इतकं करून सवरून, नाक घासायला लावून, हा माणूस पुन्हा माझ्या कांबीवर हात ठेवून फोटोला उभा राहिलाच. मी पाणी बंद केलं. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, हातात मोजे, तोंडभर काजळी, डोक्यावर पदर नाही. तशीच बाहेर आले आणि ओट्यासमोर उभी राहिले.

"भाऊजी," मी म्हणाले.

आत्याबाई गहू पाखडत होत्या, त्यांचं सूप हवेतच राहिलं. लग्न होऊन आल्यापासून हा शब्द मी त्यांच्या तोंडावर कधी उच्चारला नव्हता.

"लेकरांना खोटं काहून सांगून राहिले? माझा हात तुमी कधी धरला? हात राहू द्या, माझ्याशी तोंड तरी उघडलं का कधी?"

त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत त्यांनी माझा चेहरा असा समोरून पहिल्यांदाच बघितला असेल. म्हातारे झाले होते, डोळ्यांत भट्टीची लाली कायमची बसलेली. भिंतीकडं नाही, तुळशीकडं नाही, मलाच म्हणाले, "मंग कुणी शिकवलं?"

प्रश्न खुळा नव्हता. हिरव्या ज्योतीचा रंग मला कुठल्या कॉलेजात कुणी दाखवला नव्हता. मूस तिरकी करताना मनगट कुठं थांबवायचं, ते पुस्तकात नसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्षानुवर्षं मी एकाच माणसाचं मनगट बघितलं होतं, आणि ओतताना असलं स्थिर मनगट मी अजून दुसरं पाहिलेलं नाही. एवढं एक वाक्य मी बोलले असते तर त्या माणसानं उरलेला जन्म त्याच्यावर काढला असता. माझ्या जिभेवर होतं ते. मी ते दिलं नाही.

"बघून शिकले," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. पोरींकडं वळून काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"तुमचं चुकताना बघून," मी म्हणाले, आणि पोरींना सांगितलं, "हे लिहा."

दुपारी सगळ्यांना मीच वाढलं. एक भाकरी करपली होती, ती मुद्दाम भाऊजींच्या ताटात टाकली. त्यांनी ती तुकडा तुकडा मोडून सगळी खाल्ली.